बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या रेघा: ॲसिडची बाटली आधी खाली ठेवा

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज ॲप नाही, इंटरव्ह्यू नाही, पगार नाही. आजचा विषय आहे बाथरूम. हसू नका. टाइल्सच्या मधल्या ज्या रेघा काळ्या-पिवळ्या पडतात ना, त्या साफ कशा करायच्या, यावर अख्खा एपिसोड आहे. आणि तो मी का करतोय हे आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे.

आमचं घर परभणीत, जिंतूर रोडच्या बाजूला. मी नोकरीला पुण्यात. मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी आईचा फोन आला. मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको, महालक्ष्म्या म्हणजे घर वरपासून खालपर्यंत धुऊन निघतं. आई म्हणाली, "अरे, पाहुणे यायलेत, अन् बाथरूमच्या फरशीच्या रेघा काळ्याकुट्ट झाल्यात. किती घासलं तरी निघंना. काय टाकू?"

मी मीटिंगमध्ये होतो. एका कानात मॅनेजर, दुसऱ्या कानात आई. मी म्हणालो, "ॲसिड टाक. नाही निघालं तर वरून ब्लीचिंग पावडर टाक." आणि फोन ठेवला.

पाऊण तासाने बाबांचे तीन मिस्ड कॉल. आईला खोकला थांबत नव्हता. तिने ॲसिड टाकलं, थोडं घासलं, मग मी सांगितलं तसं वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरली. हिरवट-पिवळसर धूर निघाला आणि डोळे, घसा, छाती, सगळं एकदम पेटल्यासारखं झालं. नशीब की दार उघडं होतं आणि ती अंगणात पळाली. दवाखान्यात वाफ दिली, काही तास बसवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. चार दिवस आवाज बसलेला. रात्री मी फोनवर म्हणालो, "आई, असं कसं मिक्स केलंस गं?" ती सहज म्हणाली, "तूच तर म्हणलास."

मंडळी, मी बीटेक आहे. बारावीला केमिस्ट्रीत हीच रिॲक्शन लिहून मार्क घेतलेत.

नेमकं झालं काय?

दुकानात 'ॲसिड' म्हणून जी बाटली मिळते, ती बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिडची असते. टॉयलेट क्लीनरच्या बऱ्याच बाटल्यांमध्येही तेच असतं, फक्त कमी तीव्रतेचं. ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट असतं. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो खाली जमिनीलगत साचतो. आणि फरशी घासणारा माणूस कुठे असतो? खाली, उकिडवा बसलेला, तोंड फरशीपासून दोन फुटांवर. लहानसं बाथरूम, एक बारीक खिडकी. कल्पना करा.

आपल्याकडे म्हणतात ना, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. तर २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तो हाच क्लोरीन. जर्मनीने युद्धात वापरला, परभणीत मी आईला फोनवरून बनवायला सांगितला. म्हण अशी खरी करायची नव्हती.

म्हणून पहिला नियम, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल: ॲसिड आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच बाथरूममध्ये नको. आधी एक टाकून, वरवर धुऊन, मग दुसरं, हेही नको. सांध्यांमध्ये थोडं उरलेलं असतंच.

चुकून झालंच तर तिथे थांबून पाणी ओतत बसायचं नाही. आधी बाहेर पडायचं, मोकळ्या हवेत. डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचे. खोकला, धाप किंवा छातीत जड वाटत असेल तर दवाखाना, गाडी नसेल तर १०८. आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण क्लोरीनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

त्या रेघा म्हणजे आहे काय?

त्या प्रसंगानंतर मी सुट्टी टाकून घरी गेलो आणि ठरवलं, हे काम आपण करायचं. पण यावेळी बग समजून घेऊन, अंदाजाने नाही.

टाइल्सच्या मधल्या फटीत जे भरतात त्याला ग्राउट म्हणतात. आपल्याकडे गवंडी म्हणतो 'जॉइंट भरले'. जुन्या घरांमध्ये बहुतेक ठिकाणी साधं व्हाइट सिमेंट पाण्यात कालवून भरलेलं असतं. म्हणजे टाइल चकचकीत, पाणी न पिणारी. पण मधली रेघ म्हणजे सिमेंट, बारीक छिद्रांचं, स्पंजसारखं. साबणाचं पाणी, मळ, सगळं ते पिऊन घेतं. म्हणून टाइल पुसली की स्वच्छ होते आणि रेघ तशीच राहते.

आता ॲसिडची गंमत बघा. सिमेंट हा अल्कलीधर्मी पदार्थ, त्यात चुना असतो. ॲसिड टाकलं की फेस येतो आणि आपल्याला वाटतं, वा, मळ निघाला! मळ निघतो, पण सोबत सिमेंटचा वरचा थरही विरघळून जातो. खालचं ताजं सिमेंट दिसतं, म्हणून रेघ पांढरी दिसते. पण ती आता जास्त खरखरीत झालेली असते, छिद्रं मोठी झालेली असतात, त्यामुळे पुढच्या वेळी मळ आणखी लवकर धरते. मग पुन्हा ॲसिड. आमच्याकडे हे कित्येक वर्षं चाललं होतं. मी वाकून बघितलं तर शॉवरच्या खालच्या बाजूला काही सांधे पार रिकामे, नख आत जात होतं. त्याच भिंतीच्या पलीकडे देवघराला ओल आली होती. ती पावसाची ओल समजून आम्ही दोनदा रंग दिला होता!

नळाची चकाकी जाते तीही ॲसिडच्या वाफेने. आणि घरात शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर ॲसिड अजिबात नको. दोन्ही चुनखडीचे दगड, फरशीच विरघळते.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नोंद ठेवायची, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. म्हणजे ही काही साबणासारखी सहज उचलून आणायची वस्तू नाही.

आधी डाग ओळखा

कोड चालत नसेल तर आपण आधी एरर वाचतो ना? तसंच इथे. बाथरूम रात्रभर कोरडं होऊ द्या, सकाळी मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा. डाग साधारण चार प्रकारचे असतात.

पहिला, क्षार. पांढरट, खडबडीत थर. तो फक्त रेघेवर नसतो, नळावर, बादलीवर, टाइलवरही असतो. आपल्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून वापरायला बोअर. मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट खडक आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. काळ्या रानात नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, बघितलेत ना? तोच ऐवज विरघळून बोअरमध्ये येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे पाणी गीझरमध्ये तापलं किंवा भिंतीवर वाळलं की क्षार मागे राहतो.

दुसरा, साबणाचा मेण. राखाडी, चिकट, नखाने खरवडलं तर मेणासारखा निघतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि अंगाचा साबण मिळून हा न विरघळणारा थर होतो. परभणीत साबणाला फेस येत नाही म्हणून आपण जास्त चोळतो, आणि तेवढा हा थर वाढतो.

तिसरा, बुरशी. काळे किंवा हिरवट ठिपके, कोपऱ्यात, खालच्या ओळींत, जिथे ऊन-वारा पोचत नाही. कुबट वास. घासलं तरी काही दिवसांत पुन्हा त्याच जागी. आपल्याकडे मे महिन्यात बाथरूम आपोआप सुकतं, म्हणून ही दिसते ती श्रावण-भाद्रपदात. बरोबर महालक्ष्म्यांच्या तोंडावर!

चौथा, लोखंड. तांबूस-पिवळा ओघळ, गळक्या नळाच्या किंवा गंजलेल्या स्क्रूच्या खाली. यावर ब्लीच मारलं तर डाग जाण्याऐवजी आणखी पक्का बसतो.

आमच्याकडे पहिले तिन्ही होते. आईला वाटत होतं एकच 'काळं' आहे, आणि मी फोनवर ते न बघता औषध सांगितलं होतं.

आता काम: तीन दिवस, तीन पायऱ्या

सामान: रबरी हातमोजे, नायलॉनचा कडक ब्रश (जुना टूथब्रश चालतो), भांड्यांचा लिक्विड साबण, धुण्याचा सोडा, लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि ऑक्सिजन ब्लीच. तारेची घासणी नको. ती सिमेंट खरवडते आणि तिचे तुकडे अडकून पुढे गंजतात. काम करताना खिडकी-दार उघडं, पंखा चालू, लहान मुलं बाहेर.

पहिला दिवस, मेण. एक बादली गरम पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा लिक्विड साबण. रेघांवर लावा, १० मिनिटं थांबा, ब्रशने घासा, धुवा. खरं सांगू? आमच्या अर्ध्या रेघा इथेच उघडल्या. ज्यासाठी आम्ही ॲसिड टाकत होतो, त्यातलं निम्मं साबणाचं चिकट होतं.

दुसरा दिवस, क्षार. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व. आता तुम्ही म्हणाल, हेही ॲसिडच की! हो, पण बरंच सौम्य, आणि वापरायची पद्धत वेगळी. आधी भिंत साध्या पाण्याने चिंब भिजवायची. सांध्याच्या छिद्रांत पाणी भरलं की आम्ल आत शिरत नाही. मग ते पाणी फडक्याने टाइलवरच्या पांढऱ्या थरावर लावायचं, रेघेवर मुद्दाम ओतायचं नाही. तीन-चार मिनिटं, हलकं घासणं, भरपूर पाण्याने धुणं. थर जाड असेल तर एकदाच तासभर ठेवण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं करा. तांबूस डागावरही हेच, पण आधी नळ दुरुस्त करा. शहाबादी-कोट्यावर मात्र हेही नको.

तिसरा दिवस, बुरशी. मध्ये एक रात्र जाऊ द्या, सगळं स्वच्छ धुतलेलं असू द्या. ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढायच्या काही पावडरींमध्ये असतं, पाकिटाच्या मागे नाव वाचा. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा तयार होतो. क्लोरीनचा संबंध नाही. दोन चमचे पावडर कोमट पाण्यात कालवून पेस्ट करा, ठिपक्यांवर लावा, १५-२० मिनिटं ओली ठेवा, घासा, धुवा. पेस्ट लागेल तेवढीच करा. उरलेली बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, आत ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटू शकते. पावडर नाही मिळाली तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खायचा सोडा, एवढ्यावरही बरंच काम होतं. मोजे घाला, बोटं पांढरी पडून चुरचुरतात.

आता रील्समधला सगळ्यात लाडका उपाय: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फसफसतं छान, व्हिडिओ मस्त होतो. पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना संपवतात. उरतं काय? थोडं मीठ विरघळलेलं पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्ही वेगवेगळे उपयोगी, एकत्र केले की मेहनत तुमच्या हाताचीच.

तरीही नाही निघालं तर?

मग तो डाग वरचा नाही, सांधाच खराब झालाय. किंवा सांधा उरलेलाच नाही, जसा आमचा. तिथे साफ करणं थांबवा आणि नव्याने भरा. शॉवरखालच्या ओळी मी स्वतः भरल्या. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला कापड गुंडाळलं आणि जुनं भुसभुशीत सिमेंट निदान तीन मिलिमीटर खोल खरवडून काढलं. टाइलची कड उडणार नाही अशा बेताने, हळू. धूळ झाडली, भिंत पूर्ण सुकू दिली.

भरायला पुन्हा साधं व्हाइट सिमेंट घेऊ नका. ते सुकताना आकसतं, बारीक तडे जातात. हार्डवेअरच्या दुकानात 'टाइल ग्राउट' मागा, त्यात पॉलिमर असतं. आणखी टिकाऊ हवं तर इपॉक्सी ग्राउट: राळ आणि हार्डनर वेगळे येतात, मिसळल्यावर लवकर आवळतं, पाणी पीत नाही, डाग धरत नाही. पण महाग, आणि हात बसलेला मिस्त्री हवा. टाइलवर सुकलेलं इपॉक्सी काढताना रडू येतं. साधं ग्राउट भरलं तर निदान एक दिवस पाणी नको. नंतर पूर्ण सुकल्यावर वरून सीलर लावता येतो. आणि भिंत व फरशी मिळते त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी बुरशीरोधक सिलिकॉन भरा, तो कोपरा किंचित हलत असतो, सिमेंट तिथे तडकतंच.

पुन्हा काळं होऊ नये म्हणून

शेवटची आंघोळ झाली की भिंतीवरून आणि फरशीवरून एकदा वायपर. एक मिनिट लागतो. पाणी राहिलं नाही तर क्षार राहत नाही आणि बुरशीला ओल मिळत नाही. खिडकी पावसाळ्यातही उघडी, जमलं तर एक्झॉस्ट फॅन. साबणाच्या वडीऐवजी बॉडी वॉश वापरला तर मेण खूप कमी होतो, कारण बहुतेक बॉडी वॉश खरे साबण नसतात, त्यांचं कॅल्शियमशी तसं जमत नाही. आणि आठवड्यातून एकदा लिक्विड साबणाचा ब्रश.

आमच्या बाथरूमच्या रेघा आता पांढऱ्याशुभ्र नाहीत, फिकट राखाडी आहेत. पण टणक आहेत, आणि देवघराची भिंत सुकली. ॲसिडची बाटली घरात नाही. आईने वायपर खिळ्याला टांगलाय आणि बाबांवरही सक्ती आहे. परवा शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, काय टाकू? आईने त्यांना आधी विचारलं, "पांढरं हाय का काळं? खरवडून बघितलं का?" मी फोनवर हे ऐकत होतो. मला मीटिंगमध्ये हेच विचारायचं होतं.

एक काम सांगून थांबतो. सणाच्या आधी घरी फोन होईलच. तेव्हा विचारा, बाथरूमला काय टाकता? ॲसिड आणि ब्लीचिंग दोन्ही एकाच फळीवर असेल तर एक आजच हलवायला सांगा. आणि फोनवर अर्धवट ऐकून उत्तर देऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!